बीजकोशातील गाठी : डॉक्टरांकडे केव्हा जावे?

(संस्थेच्या महिला व विद्यार्थिनी मेळाव्यात आरोग्य समितीतर्फे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय ठरला तेव्हा बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी सुचविले, की हा बायकांचा विषय आहे, तेव्हा पुरुषांना बाहेर बसवावे. आम्ही नम्रपणे नकार दिला. घरातल्या बाईच्या पोटात रात्री दोन वाजता कळ उठली, तर रिक्षा आणायला बहुधा पुरुषच जातो, पैसे त्याच्याच खिशात असतात, आणि 'सकाळपर्यंत बघू' हा निर्णयही पुष्कळदा तोच देऊन मोकळा होतो. तेव्हा बंधूंनी बसावे, आणि ऐकावे.

आम्ही म्हणजे आरोग्य समितीच्या तिघीजणी : दोन परिचारिका आणि एक स्त्रीरोगतज्ज्ञ. बोलणारी एक असली तरी सांगणे तिघींचे आहे.

प्रथम बीजकोश म्हणजे काय ते पाहू. गर्भाशयाला आपण घरात 'पिशवी' म्हणतो. त्या पिशवीच्या दोन्ही बाजूंना, ओटीपोटात खोलवर, बदामापेक्षा जरा मोठे असे दोन बीजकोश असतात. डॉक्टर त्यांना ओव्हरी म्हणतात, शाळेच्या पुस्तकात अंडाशय म्हणतात. मुलाचे बीज येथे पिकते, आणि पाळीचे चक्र चालविणारी संप्रेरकेही येथेच तयार होतात. दर महिन्याला एका बीजकोशात पाण्याचा एक फोड वाढू लागतो. तो दोन-अडीच सेंटिमीटरचा झाला की फुटतो आणि बीज बाहेर पडते. त्याच्या जागी एक पिवळसर गोळा तयार होतो, आणि दिवस राहिले नाहीत तर तोही पंधरवड्यात सुकतो. म्हणजे पाळी येणाऱ्या धडधाकट स्त्रीच्या बीजकोशात पाण्याची गाठ दर महिन्याला येते आणि जाते. एखाद्या महिन्यात तो फोड वेळेवर फुटत नाही, वाढतच राहतो. एखाद्या वेळी पिवळ्या गोळ्यात पाणी किंवा रक्त साठते. अशी गाठ चार-पाच सेंटिमीटरचीही होते आणि बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते. बाईला तिचा पत्ताही लागत नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीलाही अशी गाठ दिसते. गर्भ टिकविण्याचे कामच तो पिवळा गोळा करीत असतो, त्यामुळे तिची धास्ती घेऊ नये.

मग भीती येते कोठून? ती येते सोनोग्राफीच्या कागदातून. पूर्वी ज्या गाठी कोणाला दिसतही नव्हत्या, त्या आता दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या सोनोग्राफीत दिसतात आणि कागदावर 'सिस्ट' असा शब्द उमटतो. सिस्ट म्हणजे पातळ पदार्थाने भरलेली पिशवी, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. कर्करोग असा त्याचा अर्थ नाही. दुसरी गफलत आकड्यांची. रिपोर्टात '४० गुणिले ३५' असे लिहिलेले असते. ते मिलिमीटर असतात. चाळीस मिलिमीटर म्हणजे चार सेंटिमीटर, लहान लिंबाएवढी गाठ. पण आमच्याकडे अशा भगिनी आल्या आहेत की त्यांनी चाळीस सेंटिमीटर समजून रात्रभर डोळ्याला डोळा लावला नव्हता. तेव्हा रिपोर्ट हाती आला की आकड्यापुढे मि.मी. आहे की सें.मी. हे आधी पाहावे. हे काम सातवी-आठवीतली मुलगीही आपल्या आईसाठी करू शकते.

पाळी चालू असलेल्या स्त्रीच्या बीजकोशात साधी, पातळ पडद्याची, आत नुसते पाणी असलेली गाठ पाच सेंटिमीटरपेक्षा लहान असेल आणि त्रास काही नसेल, तर तिला बहुधा कसलाच उपचार लागत नाही. पाच ते सात सेंटिमीटरची असेल तर डॉक्टर ठरावीक काळाने पुन्हा सोनोग्राफी करून तिच्यावर नजर ठेवतात. सातच्या पुढे गेली तर आणखी तपासणी किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार होतो. पुन्हा सोनोग्राफी करायची ती पाळी संपल्यावर लगेच, म्हणजे साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात केलेली बरी. नाहीतर नव्या महिन्याचा नवा फोड दिसायचा आणि जुनी गाठ गेलीच नाही असे वाटायचे.

मात्र सगळ्याच गाठी अशा येऊन-जाऊन नसतात. एक आहे डर्मॉइड. हिच्यात केस, चरबी, कधीकधी चक्क दात सापडतात. हे ऐकून विद्यार्थिनी हसतात, आणि खेड्यातल्या आजीबाई करणीची गोष्ट काढतात. करणी-बिरणी काही नाही. बीजकोशातल्या बीजपेशींत शरीराचा कोणताही भाग घडविण्याची शक्ती असते. तिथल्या तिथेच एखादी पेशी वाढू लागली की त्वचा, केस, दात तयार होतात. ही गाठ तरुण मुलींत पुष्कळ आढळते, सावकाश वाढते, आपोआप जिरत नाही, आणि तिच्यात कर्करोग फार क्वचित निघतो. दुसरी चॉकलेट सिस्ट. गर्भाशयाच्या अस्तरासारखे अस्तर बीजकोशात रुजते, तेथे रक्त साठत जाते आणि ते जुने होऊन चॉकलेटसारखे दिसते. पाळीच्या चार दिवसांत ज्या मुलीला शाळा-कॉलेज बुडवावे लागते, लग्नानंतर संबंधाच्या वेळी जिला खोलवर दुखते, जिला दिवस राहत नाहीत, तिच्या बाबतीत या आजाराचा विचार करावा लागतो. 'पाळीत सगळ्यांनाच दुखते' असे म्हणून अशा मुलींची वर्षे वाया जातात. आणखी काही गाठी पाणी किंवा चिकट द्रव साठवीत फार मोठ्या होतात, त्यांच्याविषयी पुढे सांगू.

आणि हल्ली ज्याचे नाव प्रत्येक कॉलेजात ऐकू येते, ते पीसीओडी. त्याचा आजच्या विषयाशी संबंध नावापुरताच. त्यात बीजकोशात अनेक बारीक, न पिकलेले फोड दिसतात, मोठी गाठ नसते. तो संप्रेरकांचा बिघाड आहे. पाळी लांबते, चेहऱ्यावर केस येतात, वजन वाढते. त्यासाठी शस्त्रक्रिया करून 'गाठी काढून घ्या' असे कोणी सांगितले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय पाऊल टाकू नये.

येथे औषधाच्या पुड्यांविषयी दोन शब्द. 'गाठ विरघळविणारे' म्हणून चूर्ण, काढे, थेंब विकले जातात, भिंतीवर जाहिराती असतात. वर सांगितले की साधी गाठ दोन-तीन पाळ्यांत आपोआप जाते. पुडीवालाही तीन महिन्यांचाच कोर्स देतो! गाठ जाते, श्रेय पुडीला मिळते, आणि ती बाई दहाजणींना त्याचा पत्ता देते. हीच गोष्ट ॲलोपॅथीच्या गर्भनिरोधक गोळ्यांचीही आहे. असलेली गाठ त्यांनी लवकर जिरते असे अभ्यासात दिसलेले नाही. पाळीच्या इतर तक्रारींसाठी डॉक्टर त्या देतात, तो भाग वेगळा. डर्मॉइड तर कोणत्याही पुडीने किंवा गोळीने जात नाही, आणि पुडीच्या नादात तीन महिने गेले की मोठी होणारी गाठ मोठी झालेलीच असते.

मोठ्या गाठीवरून एक जुनी हकीकत सांगतो, कारण ती आपल्याकडच्या अनुभवाला अगदी लागू आहे. अमेरिकेतील केंटकी राज्यात १८०९ साली जेन टॉड क्रॉफर्ड नावाच्या बाईचे पोट वाढू लागले. सर्वांनी गरोदरपण समजले. दिवस भरून गेले तरी सुटका होईना, तेव्हा इफ्राइम मॅकडॉवेल या डॉक्टरांना बोलाविण्यात आले. त्यांनी तपासून सांगितले, की हे मूल नाही, बीजकोशाची गाठ आहे. पोट उघडून बीजकोशाची गाठ यशस्वीपणे काढल्याची त्यापूर्वीची नोंद नव्हती. ती बाई घोड्यावर बसून सुमारे साठ मैलांवरच्या डॅनव्हिल गावी डॉक्टरांच्या घरी गेली. भूल देण्याचे औषध तेव्हा नव्हते, ते यायला आणखी सदतीस वर्षे होती. पूर्ण शुद्धीत तिने ती शस्त्रक्रिया सोसली. गाठ साडेबावीस पौंडांची, म्हणजे दहा किलोची निघाली. पंचविसाव्या दिवशी बाई घरी परतली आणि पुढे तीस वर्षांहून अधिक जगली.

दोनशे वर्षांपूर्वी तिच्या पोटाविषयी जो गैरसमज झाला, तो आजही होतो. फरक इतकाच, की ती लग्न झालेली, मुलेबाळे असलेली बाई होती. आपल्याकडे लग्नाआधी एखाद्या मुलीचे पोट वाढू लागले की घरात काय होते? आमच्यापैकी एकीच्या वॉर्डात अशी एक सतरा वर्षांची मुलगी आली होती. चार महिने पोट वाढत होते. आईने आधी दटावले, मग मारले, मग मावशीकडे नेऊन ठेवले. शेजारपाजारच्यांनी जे बोलायचे ते बोलून घेतले. पाळी नियमित येत होती हे ती मुलगी सांगत होती, पण ऐकतो कोण? शेवटी श्वास घेताना धाप लागू लागली तेव्हा रुग्णालयात आणली. गाठ निघाली, साधी निघाली, मुलगी बरी झाली. दुसरा बीजकोश शाबूत होता. पण ते चार महिने तिला परत कोण देणार? पोट वाढले तर संशय घेण्याऐवजी सोनोग्राफी करावी. ती अर्ध्या तासाची गोष्ट आहे.

याच ठिकाणी पालकांच्या मनातली आणखी एक शंका. 'मुलगी कुमारिका आहे, तिची तपासणी कशी करायची?' म्हणून पुष्कळजण स्त्रीरोगतज्ज्ञाची पायरी चढत नाहीत. अशा मुलींची सोनोग्राफी पोटावरून करतात. भरपूर पाणी पिऊन लघवी साठवून धरायची, पोटावर थंडसर जेली लावतात आणि यंत्राचा दांडा फिरवितात, एवढेच. आतून तपासणी करण्याची गरज नसते. सोबत आई किंवा मैत्रीण असू शकते. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थिनींनी हे विशेष लक्षात ठेवावे, कारण घरी कळवायचे कसे या विचारात त्या दुखणे अंगावर काढतात.

आता ज्या दुखण्याला थांबायला वेळच नसतो, त्याकडे वळतो. बीजकोश देठावर लोंबणाऱ्या फळासारखा असतो. त्यात गाठ झाली, विशेषतः पाच सेंटिमीटरच्या वर गेली, की त्याचे वजन वाढते आणि कधीतरी तो देठासकट पीळ खातो. नळाची रबरी नळी पिळली की पाणी बंद व्हावे तसा रक्तपुरवठा अडतो. ओटीपोटात एका बाजूला एकाएकी जबर कळ येते, बाई वाकडी होते, मळमळते, बहुतेक वेळा उलट्या होतात. काहीजणींना पीळ थोडा सुटतो, कळ थांबते, आणि दोन दिवसांनी पुन्हा येते. ही थांबलेली कळ फसवी असते. उजव्या बाजूला असली तर अपेंडिक्स समजले जाते, उलट्या पाहून अपचन समजले जाते, आणि घरात नळ भरले म्हणून पोट चोळायला सुईण बोलावतात किंवा ओवा आणि गरम पाण्याची पिशवी देतात. पाळीच्या नेहमीच्या दुखण्याला शेक जरूर द्यावा, त्याने आराम पडतो. पण एकाएकी आलेली, एका बाजूची, उलटीसकट कळ म्हणजे तासांचा हिशेब आहे. पोट चोळणे तर मुळीच नको.

बारावीच्या परीक्षेच्या आठवड्यात एका मुलीला अशी कळ आली. पहिल्या दिवशी एका दवाखान्यात तिला इंजेक्शन दिले आणि परीक्षेचे टेन्शन आहे असे सांगितले. कळ थांबली, तिने पेपर दिला. तिसऱ्या दिवशी परत कळ, परत इंजेक्शन. चौथ्या रात्री ती मोठ्या रुग्णालयात पोहोचली, तेव्हा पीळ बसून इतका वेळ झाला होता की तो बीजकोश काढावा लागला. ती आज नोकरी करते, तिला मूल आहे. एक बीजकोश राहिला तरी पाळी येते आणि मूलही होते, हे मुद्दाम सांगतो, कारण लग्न ठरविताना 'हिचे ऑपरेशन झाले आहे' अशी कुजबुज करणारे आपल्यातही आहेत. तरीही तो बीजकोश वाचण्याजोगा होता. वेळेवर गेले तर दुर्बिणीतून पीळ सोडवितात, गाठ तेवढी काढतात आणि बीजकोश ठेवतात. निळाकाळा पडलेला बीजकोशही पीळ सुटल्यावर पुष्कळदा सावरतो, म्हणून हल्ली जाणकार सर्जन तो लगेच कापून टाकीत नाहीत. आणि सोनोग्राफीत रक्तप्रवाह दिसला म्हणजे पीळ नाहीच, असेही छातीठोक सांगता येत नाही. कळ तशीच असेल तर घरी परतू नये.

अशा वेळी रुग्णालयात नेताना एक पथ्य : चहा, सरबत, बिस्किटे देऊ नयेत. लगेच भूल देण्याची वेळ आली तर पोट रिकामे असलेले बरे. वाहन नसेल तर १०८ क्रमांकाला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून महाराष्ट्रात आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

गाठ फुटणे हा दुसरा प्रकार. जड ओझे उचलताना, धावताना किंवा संबंधाच्या वेळी एकदम टोचल्यासारखी कळ येते. बऱ्याच वेळा थोड्या विश्रांतीने आणि वेदनाशामक औषधाने ती निवते. पण आत रक्तस्राव होत राहिला तर मामला गंभीर होतो. चक्कर येते, अंग थंड पडून घाम सुटतो, नाडी जोरात चालते, पोट टणक होते, आणि काहीजणींचा खांदा दुखू लागतो. पोटातल्या रक्ताने श्वासपटल चाळवले जाते, म्हणून दुखणे खांद्यावर जाणवते. बाई पोट सोडून खांदा चोळत बसली आहे आणि पांढरीफटक पडली आहे, असे दिसले तर वाट पाहू नये. पोटात दुखत असून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि पाळी चुकलेली असताना ओटीपोटात दुखले किंवा थोडे-थोडे रक्त गेले, तर आधी गर्भचाचणी झालीच पाहिजे. गर्भ नळीत राहिला असेल तर ती नळी फुटून जिवावर बेतते. कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झाली आहे म्हणून ही शंका सोडून देऊ नये. शस्त्रक्रियेनंतर क्वचित दिवस राहिले तर ते नळीत असण्याचा धोका अधिक असतो.

हे झाले धावपळीचे. बाकीची दुखणी हळूहळू येतात आणि म्हणूनच अंगावर काढली जातात. पोट सतत फुगल्यासारखे वाटते, दोन घास खाल्ले की पोट भरते, ओटीपोट जड वाटते, लघवीला वारंवार जावे लागते. हे कोणाला होत नाही? गॅस आपल्या सर्वांनाच होतो. पण गॅस येतो आणि जातो. हे त्रास नव्याने सुरू झाले, महिन्यातून बारा दिवसांहून अधिक होऊ लागले आणि वय पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे असेल, तर ॲसिडिटीच्या गोळ्यांवर महिने काढू नयेत. बीजकोशाचा कर्करोग अशाच पावलांनी येतो आणि पुष्कळदा उशिरा सापडतो. साडी नेहमीपेक्षा वर नेसावी लागते, परकराची नाडी पुरत नाही, पण हातपाय मात्र वाळत चालले आहेत, ही खूण घरातल्या लेकीसुनांनी ओळखावी. आईच्या किंवा बहिणीच्या बाबतीत स्तनाचा किंवा बीजकोशाचा कर्करोग झाला असेल, तर ते डॉक्टरांना न विचारता सांगावे.

पाळी कायमची गेल्यावर बीजकोशात दर महिन्याचा फोड तयार होत नाही. म्हणून त्या वयातली गाठ लहान असली तरी तपासून घ्यावीच लागते. त्यातल्याही बऱ्याच गाठी साध्या निघतात. एका बाजूची, पाच सेंटिमीटरच्या आतली, नुसत्या पाण्याची गाठ असेल आणि रक्ताची सीए-१२५ ही तपासणी ठीक असेल, तर चार-सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून थांबता येते. पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले तर मात्र एक डाग असला तरी दाखवावे. 'पाळी परत आली' म्हणून आनंद मानणाऱ्या आज्या आम्ही पाहिल्या आहेत.

सीए-१२५ या तपासणीविषयी थोडे अधिक सांगावे लागेल. तिचा आकडा ३५ च्या वर गेला की घरात रडारड सुरू होते. पण हा आकडा पाळी चालू असताना, चॉकलेट सिस्टमध्ये, गर्भाशयाच्या गाठींमध्ये, ओटीपोटाच्या जंतुसंसर्गात आणि पोटाच्या क्षयातही वाढतो. आपल्या देशात क्षयाची आठवण ठेवायलाच हवी. पोटात पाणी, वजन घटलेले, सीए-१२५ वाढलेले, असे चित्र असूनही निदान क्षयाचे निघते आणि बाई गोळ्यांनी बरी होते. तरुण मुलीच्या साध्या गाठीसाठी ही तपासणी सहसा लागतही नाही. उलट कर्करोगाची खरीच शंका असेल, तर त्या रोगाच्या शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या ठिकाणी जावे. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून हे काम करीत आहे. सुई घालून गाठीतले पाणी काढून टाकण्याचा सोपा मार्ग अशा वेळी धरू नये. गाठीत कर्करोग असेल तर तो पोटात पसरू शकतो.

आपल्या संस्थेने सर्व महिलांसाठी सोनोग्राफीचे मोफत शिबिर भरवावे, अशी सूचना आली होती. सूचना सद्भावनेची होती, तरी आम्ही तिला पाठिंबा दिला नाही. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर अनेक वर्षे एक मोठा अभ्यास झाला. काहीच त्रास नसलेल्या स्त्रियांची दरवर्षी सोनोग्राफी किंवा रक्ततपासणी केल्याने बीजकोशाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी होतात का, हे पाहायचे होते. २०२१ साली निष्कर्ष आला : कमी होत नाहीत. निरुपद्रवी गाठी मात्र सापडतात, आणि सापडलेली गाठ काढून घ्या म्हणणारे तयारच असतात. शिबिर घ्यायचेच तर रक्तदाबाचे, हिमोग्लोबिनचे घ्यावे.

कारण याच वाटेने पुढे काय होते, ते आपल्या महाराष्ट्राने बीड जिल्ह्यात पाहिले आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला तेथे 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस काम चुकले की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. पाळीचा त्रास, अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे हे सगळे घेऊन बाई डॉक्टरकडे गेली की सोनोग्राफी, आणि मग 'पिशवी खराब आहे, गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका'. २०१९ साली हे प्रकरण गाजले आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजार ३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे साधारण सहांत एक. पुढे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत अमलात आणण्यास राज्यांना सांगितले.

बीजकोशात गाठ आहे म्हणून गर्भपिशवी काढायची, यात वैद्यकीय तर्क काय आहे? गाठ एका अवयवात आणि काढायचा दुसराच. आणि दोन्ही बीजकोशही सोबत काढले, तर तिशीतल्या बाईला एका दिवसात म्हातारपण येते. अंगाची आग होते, झोप उडते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. ज्या बाईला कोयता चालवून पोट भरायचे आहे, तिची हाडे हीच तिची शेती असते. 'मुले झाली, आता पिशवीचा उपयोग काय?' असे घरचे सासू-सासरेही म्हणतात, त्यांना हे सांगावे. काही वेळा पिशवी काढावीच लागते, ते आम्ही नाकारीत नाही. पण तो निर्णय एका सोनोग्राफीवर आणि एका भेटीत होत नसतो.

म्हणून शस्त्रक्रिया सांगितली की डॉक्टरांना विचारावे : गाठ कोणत्या प्रकारची वाटते? किती मिलिमीटरची? दोन-तीन पाळ्या थांबलो तर काय धोका आहे? नुसती गाठ काढून बीजकोश ठेवता येईल का? काढलेला भाग तपासायला प्रयोगशाळेत पाठविणार ना? चांगले डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाहीत. रागावले तर दुसरीकडे जाण्यास तेवढे कारण पुरेसे आहे. कळ तातडीची नसेल तर दुसरे मत घ्यायला आठवडा-दोन आठवडे सहज मिळतात. जिल्हा रुग्णालयात, वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत स्त्रीरोग विभाग असतो. ज्यांना कामगार विमा लागू आहे त्यांनी त्या कार्डाचा उपयोग करावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणती शस्त्रक्रिया कोठे बसते, हे योजनेतील रुग्णालयाच्या काउंटरवर बसणारे आरोग्यमित्र सांगतात. कागदपत्रे आधी दाखवावीत, शस्त्रक्रिया झाल्यावर नव्हे.

डॉक्टरांकडे जाताना शेवटच्या पाळीची तारीख लिहून न्यावी. दुखते कोठे, कधीपासून, पाळीच्या कोणत्या दिवसात, हे वहीच्या पानावर टिपून ठेवले तर पाच मिनिटांच्या भेटीत पंधरा मिनिटांचे काम होते. जुने रिपोर्ट फेकू नयेत. मागच्या गाठीचा आकार कळला तरच आताची वाढली की घटली ते समजते.

आता आमचे बोलणे संपवितो. ज्या भगिनींनी रिपोर्ट सोबत आणले आहेत, त्यांनी ते घेऊन शेजारच्या खोलीत यावे. आम्ही तिघी तेथे सहा वाजेपर्यंत बसणार आहोत. विद्यार्थिनींनी एकेकट्या आल्या तरी चालेल.